तिसऱ्या खुर्चीची जागा

१८ ऑगस्ट
मुलींचं वसतिगृह

मामा,

वाकून नमस्कार. मान आखडलीय, त्यामुळे अर्धीच वाकलेय, बाकीचं समजून घे.

पोचले, खोली मिळाली, पलंग करकरतो. माझ्या खोलीत कीटकशास्त्राची एक मुलगी आहे. तिच्या पलंगाखाली भुंग्यांचे डबे आहेत. तिला आजवर एकानंही विचारलं नाही की बाई, पास झाल्यावर तू भुंगा होणार का? मला मात्र जो तो विचारतो, धर्माचा अभ्यास करतेस, म्हणजे पुढे संन्यास घेणार का? मेसवाल्या काकूंनी तर पहिल्याच दिवशी आपला हात पुढे केला, बघ म्हणाल्या काही दिसतंय का. मी म्हटलं, काकू, एम.ए. आहे हे, ज्योतिष नाही. त्यांनी वाढलेली भाजी अर्धी परत पातेल्यात घातली.

माझे मार्गदर्शक प्रत्येक वाक्याआधी एक लांब उसासा सोडतात, म्हणून आम्ही त्यांना उसासे सर म्हणतो. त्यांनी माझे दोन विषय फेटाळलेत. 'ग्रंथांमधलं मौन' म्हटलं, तर म्हणाले, "हुश्श... यावर माझ्या कपाटात सात प्रबंध आहेत. सगळे मौनात आहेत." 'स्वर्गाच्या कल्पना' म्हटलं, तर म्हणाले, "हुश्श... जाऊन आलात का?" त्यांना पुस्तकातलं काही नको. जिवंत माणसं हवीत. श्रद्धा जिथे नव्यानं तयार होतेय तिथे जाऊन ती बघा म्हणतात. आता ती काय गिरणीत तयार होते, की जाऊन बघून येऊ?

आणि बाबांची अट तुला माहीतच आहे. फेब्रुवारीत समितीसमोर विषय मंजूर झाला पाहिजे, आणि वर तो त्यांना पटला पाहिजे. नाहीतर गाशा गुंडाळून घरी, आणि त्यांच्या वीजमीटरच्या खात्यात कारकुनी. साहेबांशी त्यांनी बोलूनही ठेवलंय. समितीचं एक वेळ मी बघेन. पण जो माणूस काटा हलल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाही, त्याला धर्माचा अभ्यास कसा पटवायचा? मला इथेच राहायचंय रे मामा. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी इतकं आवडलंय.

तुझी भाची

---

२ सप्टेंबर
दुकानातून

भाचेबाई,

भरपूर आशीर्वाद. मान आखडली तर उशी काढून झोप.

पत्रच लिहीत जा. फोनवर तू 'हो मामा, हो मामा' करतेस आणि ऐकत काही नाहीस. शिवाय माझ्या एका हातात कात्री, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाचा कान. फोन धरू कशानं?

दाजींनी अजून माझ्या दुकानात पाऊल ठेवलेलं नाही. तुझा प्रवेश अर्ज मी भरून दिला तेव्हा म्हणाले होते, "यापुढे मी केस दुसरीकडे कापीन." कापू देत बापडे. आता तिथे कापण्यासारखं उरलंय काय? तो पलीकडच्या गल्लीतला न्हावी त्यांच्या डोक्याभोवती कात्री नुसती वाजवून त्यांना खूश करत असणार. पण तुझी आई, म्हणजे आमच्या ताई, परवा म्हणत होत्या की तुझं पत्र आलं की दाजी ते आधी स्वतः उघडतात, वाचतात आणि 'अक्षर बिघडलंय' म्हणून ताईंकडे देतात.

तू त्या उसाशांना घाबरू नकोस. हाडाचा माणूस दिसतो. विषयाचं काय, मिळेल. इथे सगळे तुझी आठवण काढतात, रोज काढतात. मामी बरी आहे, जरा तणतणते. दुकान जोरात. तिसऱ्या खुर्चीला तर हल्ली क्षणाची उसंत नाही. बाकी विशेष काही नाही.

मामा

---

८ सप्टेंबर

मामा,

बाकी विशेष काही नाही कसं? तिसऱ्या खुर्चीचा पंप मी शाळेत असताना गेला. ती वर होत नाही, मागे झुकत नाही, तिच्यात गिऱ्हाईक बसत नाही, म्हणून तर वर्षभर मी तिच्यात बसून प्रवेश परीक्षेचा अभ्यास करू शकले. आणि आता तिला उसंत नाही? तू काहीतरी लपवतोयस. तुला लपवता येत नाही, हे लग्नापासून मामी सांगत आलीय. चटकन लिही.

भाची

---

२० सप्टेंबर

चि. भाचीस,

तुझा मामा तीनदा कागद घेऊन बसला आणि तीनदा कात्रीला धार लावून उठला, म्हणून मीच लिहिते.

झालं असं. तू गेल्यावर आपला सुतार दाढीला आला आणि म्हणाला, "पोरगी धर्म शिकून करणार काय, जपमाळ ओढणार?" तुझ्या मामाचं टाळकं फिरलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणाला, "तोंड सांभाळ! माझी भाची त्या खुर्चीत बसून अख्ख्या विद्यापीठात वरचा नंबर काढून गेलीय. त्या खुर्चीत नुसता बसलास तरी पास होशील." सुतार गाडीच्या लायसनच्या परीक्षेत चारदा आपटलेला. गंमत म्हणून बसला. आणि मेला दुसऱ्या दिवशी पास झाला!

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण हे सुताराला सांगणार कोण? तो गावभर सांगत सुटला. आता सकाळपासून रांग असते. नोकरीच्या मुलाखतीवाले येतात, शाळेची पोरं येतात, दातांची डॉक्टरीण तिच्या परदेशच्या परीक्षेसाठी येऊन बसून गेली. नियमही आपोआप झाले. चपला बाहेर. बसल्यावर बोलायचं नाही. आणि आरशात बघायचं नाही, कारण म्हणे तू पुस्तकातून मान वर काढून एकदाही आरशात पाहिलं नाहीस. हे कोणी सांगितलं, देव जाणे. शिवाय दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते पाय पायदानावर हवेत, दुसरी म्हणते लोंबते हवेत, कारण सुताराचे लोंबत होते. परवा यावरून दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

दिवसभर दुकान भरलेलं असतं आणि जमिनीवर एक केस पडलेला नसतो. कोणी दाढीसुद्धा करत नाही, बसतात आणि जातात. काही बोलले तर तुझा मामा म्हणतो, "अगं, पोरीचं नाव होतंय." त्याची छाती इतकी फुगलीय की एप्रनची गाठ बसत नाही.

तब्येत सांभाळ. केसांना तेल लाव.

मामी

---

२७ सप्टेंबर

मामा,

मामीचं पत्र वाचून मी आधी कपाळावर हात मारून घेतला. मी इथे लोकांना घसा फोडून सांगतेय की मी धर्माचा अभ्यास करते, धर्म करत नाही, आणि तू तिकडे माझंच देवस्थान मांडून बसलास! आणि आरशाचं म्हणशील तर मी त्या आरशात तासन्‌तास बघत होते. नाकावरच्या पुटकुळ्या मोजत होते. अर्धा अभ्यास त्यातच बुडाला. सांग तुझ्या मंडळींना.

थांब, सांगू नकोस! अजिबात सांगू नकोस.

कारण हसू आवरेना म्हणून मी हे सगळं उसासे सरांना वाचून दाखवलं, आणि मामा, ते उसासा टाकायचे विसरले. ताडकन उभे राहिले. म्हणाले, "नियम कोणी केले ते कोणालाच ठाऊक नाही? आणि दोन पंथसुद्धा? इतक्या थोड्या दिवसांत?" खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, "बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा. हाच तुमचा विषय."

मी तीन आठवड्यांनी येतेय. दुकानात बसून सगळं टिपणार. आणि जानेवारीत सर स्वतः येणार आहेत बघायला. त्यांनी होकार दिला तर विषय समितीपुढे जाईल. तेव्हा नीट वाच: काही बदलायचं नाही. जे आहे ते आहे तसं. तू काही सजवलंस, झाकलंस, सुधारलंस तर माझी कारकुनी पक्की. शपथ आहे तुला.

भाची

---

१६ जानेवारी

भाचेबाई,

आशीर्वाद. आधी हे पत्र पूर्ण वाच आणि मग रड.

सर येणार म्हणून मला रात्रंदिवस घोर. ऑक्टोबरात टिपणं घेऊन गेलीस तेव्हाही तू सांगितलं होतंस काही बदलू नकोस. मान्य. पण मी म्हटलं, एवढा मोठा माणूस, ज्यानं जगातले धर्म कोळून प्यायलेत, तो येणार आणि आपण त्याला काय दाखवणार, तर पंप गेलेली खुर्ची? म्हणेल, या पोरीचं घराणंच अडाणी. तुझ्या शपथेच्या आड माझी लाज आली. आदल्या दिवशी मी आणि सुतारानं मिळून खुर्चीचे बोल्ट काढले आणि ती मामीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. मामी म्हणाली, "आता मी पोळ्या हिच्यावर बसून लाटू?" तरी ठेवली.

सकाळी सर आले. मी पुढे होऊन म्हटलं, "या, या उसासे साहेब!" त्यांनी माझ्याकडे विचित्र पाहिलं. तुझ्या पत्रांतलं नाव माझ्या तोंडात बसलेलं, त्यांचं खरं आडनाव तू मला सांगायला नको होतंस का?

आल्या आल्या विचारलं, "खुर्ची कुठाय?" मी म्हटलं, "कुठली खुर्ची? दोनच आहेत साहेब." त्यांनी असा काही उसासा टाकला की काउंटरवरची पावडर उडाली. म्हटलं, बुडवलं पोरीला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

तेवढ्यात सायकलवाल्याची मुलगी आली. तिची दुपारी नर्सिंगची परीक्षा. तिनं चपला बाहेर काढल्या, आत आली, बघते तर खुर्ची नाही. जमिनीत बोल्टची चार भोकं तेवढी. ती क्षणभर थबकली. मग खाली त्या चार भोकांच्या मधोमध मांडी घालून बसली, मान खाली घातली, आरशाकडे न बघता. थोड्या वेळानं उठून गेली. तिच्यामागून एक आजोबा आले. तेही तिथेच बसले. मग रांगच लागली. पायदान नाही, त्यामुळे भांडणही नाही.

सर कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते ते हललेच नाहीत. शेवटी माझा हात धरला आणि म्हणाले, "खुर्ची गेली, पण जागा राहिली! तुम्ही हे मुद्दाम केलंत?" मी म्हटलं, "हो, म्हणजे, केलं खरं."

सर हसत गेले. जाताना मी त्यांचे कानावरचे केस नीट करून दिले. आता तुझी शपथ मोडली म्हणून काय शिक्षा करायची ती कर.

मामा

---

३० जानेवारी

मामा,

शिक्षा म्हणून तुला एक गोड पापी पार्सलनं. सर आल्यापासून सगळ्या विभागाला तेच सांगतायत. विषय समितीकडे गेला. बैठक बुधवारी, १८ फेब्रुवारीला सकाळी अकराला.

आणि एक काम. विभागाच्या संग्रहासाठी ती खुर्ची हवीय. समितीला दाखवायचीय. टेम्पोनं पाठवशील? सुताराची समजूत काढ, तिचा पहिला भक्त तोच.

मला आता समितीपेक्षा बाबांची धास्ती वाटते. मी त्यांना चार पत्रं लिहिली. सगळं समजावून सांगितलं, मी खुर्चीत ताकद आहे असं म्हणत नाहीये, माणसं एका रिकाम्या जागेवर एवढा जीव का लावतात ते मला बघायचंय. उत्तर एक ओळीचं आलं: "पत्रं मिळाली. साहेबांनी जागा फेब्रुवारीअखेर धरून ठेवली आहे." मामा, समितीनं हो म्हटलं आणि बाबांनी नाही म्हटलं तर मी परत येईन. त्यांच्याशी भांडून शिकायला मला जमणार नाही. पण आतून अगदी मोडून जाईन.

भाची

---

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

भाचेबाई,

तुझा निकाल अजून मला कळलेला नाही, पण आत्ताच्या आत्ता लिहिलं नाही तर माझं पोट फुटेल.

खुर्ची पोचली असेलच. इथे चार भोकांवरच चाललंय. आज मात्र अकराच्या सुमाराला दुकान अगदी रिकामं. मी दाराशी उभा राहून तुझ्या बैठकीचा विचार करत होतो, तर समोरून दाजी! इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा मीटर तपासायचाय." मी म्हटलं, "दाजी, मीटर बाहेर आहे, तुमच्या खांद्याशी." म्हणाले, "आतलं वायरिंग बघतो." आणि आले आत.

त्यांनी चपला बाहेर काढल्या. वायरिंग बघायला चपला कोण काढतं गं?

मी म्हटलं, "बसा ना." दोन्ही खुर्च्या मोकळ्या. मामीनं कालच पुसलेल्या. त्यांनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, आणि मग भिंतीला धरून, गुडघे कुरकुरत असताना, हळूहळू खाली बसले. चार भोकांच्या मधोमध. मान खाली. मी रेडिओ बंद केला. मामी आतून चहा घेऊन आली, दारातच थांबली आणि तशीच मागे फिरली. एक गिऱ्हाईक दाढीला आलं, त्याला मी बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. ज्या माणसानं माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही म्हणून सांगितलं होतं, तो माझ्या फरशीवर बसला होता, आणि मला कात्री कुठे ठेवली ते आठवेना.

पुष्कळ वेळ बसले. उठताना मी हात दिला. तो धरला त्यांनी. मग छत्री घेऊन म्हणाले, "वायरिंग जुनं आहे, बदलून घे." आणि गेले.

मी रडलो, हे मामीला सांगू नकोस. ती पण आत रडतच होती.

निकाल कळव.

मामा

---

२१ फेब्रुवारी

ती. बाबांस,

साष्टांग नमस्कार.

समितीनं विषय मंजूर केला. एक प्रकरण नव्यानं लिहायला सांगितलंय, तेवढंच. बैठकीआधी मी खोलीत गेले तर सर एकटेच तिसऱ्या खुर्चीत बसलेले होते. मला बघून दचकले. म्हणाले, "हुश्श... स्प्रिंग तपासत होतो." त्यांचे पाय लोंबते होते.

बाबा, आता तुमच्या शब्दावर आहे. मी वाद घालणार नाही. तुम्ही ये म्हणालात तर पुढच्या आठवड्यात सामान बांधून येते. पण इथे राहू दिलंत तर मी खूप मनापासून अभ्यास करीन.

मामाचं पत्र आलं. मी तुम्हाला त्यातलं काही विचारणार नाही.

तुमची मुलगी

---

२५ फेब्रुवारी

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. विषय मंजूर झाल्याचं कळलं. अक्षर सुधारलं आहे.

मला विषय पटलेला नाही. खुर्चीत बसून कोणी पास होत नाही. माणूस अभ्यासानं पास होतो. हे तुझ्या प्रबंधात स्पष्ट लिहावंस.

मामानं काही कळवलं असेल, तर खुलासा करतो. त्या दिवशी मी कामानिमित्त त्या बाजूला गेलो होतो. दुकानात शिरल्यावर मला किंचित चक्कर आली, म्हणून जिथे होतो तिथे खाली बसलो. चक्कर आलेला माणूस जागा निवडत नाही. तेव्हा तुझ्या टिपणांत माझी नोंद करू नये.

कारकुनीच्या जागेबद्दल. ती दुसऱ्या कोणाला द्यावी असं मी साहेबांना कळवलं आहे. मंगळवारीच कळवलं, म्हणजे तुझ्या बैठकीच्या आदल्या दिवशी. साहेब म्हणाले, अजून निकाल कुठे लागलाय? मी म्हटलं, लागेल. तेव्हा सामान बांधू नकोस. तिथे राहा आणि शीक.

आईला स्वतंत्र पत्र लिहीत जा. माझं पत्र ती ओढून घेते. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझे बाबा

ता. क. बैठक किती वाजेपर्यंत चालली होती ते कळव. मला शेवटपर्यंत बसता आलं नाही, गुडघे ऐकेनात.